तीन रांजणांचं भाषण

भाषण कसं झालं असं विचारलं की रांजणतात्या आधी रांजणात वाकून बघत. मग पाणी वाढायचं ओगराळं बाजूला ठेवत, धोतराच्या सोग्याला हात पुसत आणि एकच शब्द बोलत. "अर्धा" म्हणाले, तर व्याख्यान उत्तम झालं. "एक" म्हणाले, तर चालण्यासारखं. "दीड" म्हणाले, की त्या पाहुण्यांना पुढच्या वर्षी आमचं पत्र जात नसे. पाहुणे बिचारे दौंडला जाणाऱ्या छोट्या गाडीत बसेपर्यंत गळ्यातल्या हाराचा वास घेत असायचे. त्यांचा निकाल मात्र कडुनिंबाखाली केव्हाच लागलेला असायचा.

एकोणीसशे तिसाच्या पुढची ती वर्षं. बारामतीत आमची एक शेतकी परिषद दर वैशाखात तीन दिवस भरायची. मी शाळेत मास्तर, आणि अक्षर बरं म्हणून परिषदेचा चिटणीस. तात्या पणदऱ्याच्या बाजूला दुसऱ्यांच्या उसाला दारं धरायचे, म्हणजे पाटाचं पाणी या वाफ्यातून त्या वाफ्यात वळवत दिवसभर घोटाभर चिखलात उभे. परिषदेत त्यांच्याकडे पाण्याचं काम असे. व्यासपीठाच्या उजव्या अंगाला कडुनिंब, त्याखाली दोन मोठे रांजण आणि त्यांच्यामध्ये उकिडवे बसलेले तात्या. ओंजळ पुढे आली की ते वरून धार सोडत. ओंजळ कुणाची हे बघायला त्यांना सवड नसे, आणि ही सवड नसणं गावात सगळ्यांनाच रुचत होतं असं नाही.

त्यांचं हे मोजमाप माझ्या लक्षात यायला माझी एक फजिती व्हावी लागली. पुण्याला शिकून आल्याची माझी खुमखुमी तेव्हा जिरायची होती. श्रोत्यांचा अभिप्राय लेखी घ्यायचा, म्हणून पहिल्याच वर्षी मी तीनशे पत्रकं छापून घेतली. 'वक्त्याची वाणी', 'विषयाचे प्रतिपादन' आणि खाली मोठ्या रकान्यात 'सूचना'. शिवाय नाव, गाव आणि सही अथवा अंगठा. तो काळ असा, की सभेच्या कागदावर नाव घातलं तर फौजदार घर शोधत येईल ही धास्ती प्रत्येकाच्या मनात. दुसऱ्या दिवशी पत्रकं गोळा करायला निघालो, तर काल मंडपात मांडीला मांडी लावून बसलेली माणसं गळ्याशपथ सांगू लागली की आपण परिषदेला आलोच नव्हतो.

परत आली ती बावीस. ती वाचून मी कपाळाला हात लावला. 'सूचना' हा रकाना कालवा खात्याचा आहे अशा समजुतीने सतरा जणांनी तिथे अर्ज लिहून दिले होते. 'आमचे चारीस पाणी फार कमी येते, तरी मेहेरबानांनी दखल घ्यावी.' उरलेल्या पाचांवर 'उत्तम' असं एकाच हाताचं अक्षर होतं, आणि तो हात चौकशीअंती वक्त्याच्या मेहुण्याचा निघाला.

तात्या रांजण उपडे करून वाळत घालत होते. माझं तोंड बघून म्हणाले, "मास्तर, माणसाला तोंडावर इचारलं तर तो झ्याकच म्हननार. पावन्याला वाईट म्हनायची रीत हाय का आपल्यात? तुमी इचारत बसू नगा. निस्तं बगा."

"काय बघू?"

"कोन कवा उठतो त्ये."

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. कंटाळलेल्या माणसाला भाषणातून उठून घरी जाता येत नाही. समोर चार वडीलधारे बसलेले असतात, पाहुण्याचा मान असतो. पण पाणी प्यायला उठलेल्याला कोण काय म्हणणार? म्हणून कंटाळलेला माणूस रांजणाकडे येतो. तहान असो नसो, ओंजळभर पाणी पितो, तोंडावरून हात फिरवतो, झाडाखाली जरा टेकतो. ज्याचं बोलणं माणसाच्या आत मुरतं, त्याच्या वेळी जिवाची लाही झाली तरी कुणी जागचं हलत नाही. "त्यो खरा अभिप्राय," तात्या म्हणाले. हा शब्द त्यांनी माझ्या पत्रकावरूनच उचलला होता, आणि तो उच्चारताना ते थोडे ताठ बसत.

नुसते रांजण मोजून ते थांबत नसत. कोणत्या शब्दाला किती माणसं उठली हे त्यांना तोंडपाठ असे. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण वक्त्याचे जड शब्द ते जसेच्या तसे उच्चारून दाखवत. शेतकी खात्याच्या एका साहेबांनी एकदा गंमत म्हणून त्यांना विचारलं. तात्या हात जोडून म्हणाले, "सायेब, नांगराच्या फाळाचं सांगत हुता, तवर एक ओंजळ फुडं आली न्हाय. मंग तुमी 'सिंहावलोकन' म्हनलात, आन् अठरा जन उठलं." साहेब मोठे रसिक. त्यांनी तिथल्या तिथे टिपणांतून तो शब्द खोडला. पुढच्या वर्षी ते फाळच हातात घेऊन आले आणि अर्ध्यावर सुटले.

या कामात त्यांची सचोटी कशी होती, ते हिवतापावर बोलायला आलेल्या डॉक्टरांच्या वेळी दिसलं. डॉक्टरांनी काचेच्या बाटलीत डबक्याचं पाणी आणलं होतं. त्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. ती बाटली रांगेरांगेतून फिरवली आणि साठवलेल्या पाण्यात अशा अळ्या कशा होतात ते सांगितलं. भाषण संपलं तेव्हा रांजण काठोकाठ. असं कधी घडलं नव्हतं. मी आनंदाने वही उघडली, तर तात्यांनी हात आडवा केला. "ह्यांचं धरू नगा, मास्तर. त्यांनी लोकांस्नी पान्याचंच भ्या घातलंय. सांजच्यापतूर रांजणाकडं कुनी बगना बी." मग ओगराळं पुसत म्हणाले, "मी बी न्हाय प्यालो."

एकदा मी त्यांना विचारलं होतं, की तात्या, वर्षभर पाण्यात उभे राहता, वरून या तीन दिवसांत परत पाणीच, कंटाळा कसा येत नाही? ते म्हणाले, "उसात पानी सोड म्हनलं की सोडायचं. बंद कर म्हनलं की बंद. घरात ल्योक कर्ता झालाय, सून बी त्यालाच इचारती. वर्सातनं तीन दिस हितं कुनीतरी म्हनतं, तात्या, तुमाला काय वाटलं? लई बरं वाटतं, मास्तर." मला त्या दिवशी माझ्या तीनशे पत्रकांची फार लाज वाटली. मी सगळ्या तालुक्याचा अभिप्राय विचारत फिरलो होतो, पण हा माणूस त्यासाठी किती भुकेला आहे हे मला कधी दिसलं नव्हतं.

आता रावसाहेबांचं सांगायला हवं. मंडप त्यांचा, पाहुण्यांचं जेवणखाण त्यांचं, त्यामुळे शेवटच्या दिवशी समारोपाचं भाषणही त्यांचंच. माणूस दिलाचा मोठा. अडल्यानडल्याच्या उपयोगी पडणारा. फक्त स्वतःच्या भाषणाच्या बाबतीत हळवा. हे भाषण ऋग्वेदकाळातल्या शेतीपासून निघायचं आणि शिवकालापर्यंत पोहोचेतो उन्हं कलायची. परिषदेच्या तिसऱ्या वर्षी तर रावसाहेब वाटेत मौर्यांकडे मुक्कामालाच राहिले. माणसं रांगा लावून उठू लागली. पहिला रांजण संपला, दुसरा संपला, तात्यांनी विहिरीवरून घागरी आणवून पहिला पुन्हा भरला, तोही संपला.

भाषण संपल्यावर रावसाहेब घाम पुसत खाली उतरले. तात्यांना लोक काहीतरी विचारतात एवढं त्यांच्या कानावर होतं. त्या उत्तराचा अर्थ काय ते मात्र त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मंडळी जमलेलीच होती. त्यांनी मोठ्याने विचारलं, "काय तात्या, कसं झालं आमचं भाषण?"

मी तात्यांना डोळ्यांनी खुणावत होतो. तात्यांनी नेहमीसारखं वाकून बघितलं, हात पुसले आणि म्हणाले, "तीन रांजण, रावसाहेब."

"ऐकलंत?" रावसाहेबांची छाती फुगली. "तीन रांजण! आणि त्या पुण्याच्या प्रोफेसराला अर्धाच लागला होता. माणसंच किती लोटली होती आज!" कुणी उपरण्यात तोंड लपवलं, कुणी खोकलं. रावसाहेबांनी मात्र ते फलटणला सांगितलं, दौंडला सांगितलं, भिगवणच्या एका लग्नात पंगतीत बसून सांगितलं. 'आमचं तीन रांजणांचं भाषण' असं ते स्वतःच म्हणू लागले. त्या पंगतीत त्यांच्या शेजारी त्यांचा भाचा बसला होता. त्याला मामांची कीव आली, की त्यांच्यावर सूड उगवायचा होता, देव जाणे. त्याने त्यांना सगळी फोड करून सांगितली.

पुढच्या रविवारी सकाळी शाळेच्या ओसरीवर परिषदेच्या मंडळाची बैठक बसली. तात्यांना बोलावणं गेलं. ते पायाचा चिखल धुऊन आले आणि पायरीवर उभे राहिले. रावसाहेब ओरडले नाहीत. उलट समजुतीने म्हणाले, "तात्या, वैशाखाचे दिवस होते. उन्हाचा कडाका होता, म्हणून माणसं पाण्याला उठली. एवढं या चार जणांसमोर बोला. मी झालं गेलं विसरतो, रांजण तुमच्याकडेच राहतील. नाहीतर पुढच्या वर्षी मी दुसरा माणूस बघतो."

एका वाक्याची तर गोष्ट होती. तात्या तळहातावर तंबाखू मळत राहिले. रांजणाजवळची ती जागा त्यांना काय आहे, हे त्या ओसरीवर मला एकट्याला ठाऊक होतं. म्हणा तात्या, म्हणून टाका, असं मी मनातल्या मनात म्हणत होतो.

"रावसाहेब," तात्या म्हणाले, "ऊन तर समद्यांच्याच भाषनाला हुतं."

आणि रामराम करून ते पायऱ्या उतरून गेले. मी चिटणीस होतो. या माणसाच्या जोरावर आमची परिषद सुधारली, असे दोन शब्द बोलायला माझी काय जीभ झडली होती? पण मी वहीत बघत बसलो. आजही ती ओसरी आठवली की मला माझाच राग येतो.

रावसाहेब इरेला पेटले. उन्हामुळेच लोक उठले हे सिद्ध करायला त्यांनी पुढची परिषद थेट पौषात घेतली, आणि बारामतीऐवजी इंदापूरला. थंडी अशी की सकाळी सकाळी वक्त्यांच्या तोंडातून शब्दाआधी वाफ निघे. रांजणावर रावसाहेबांचा एक गडी बसवला होता. पाणी इतकं गार, की बघूनच दातखीळ बसावी. तात्या आले. लेक सणसरला दिली होती. आदल्या दिवशी तिच्याकडे उतरून रात्रभरच्या बैलगाडीने ते इंदापुरात पोहोचले होते.

"आता कुठं बसू, मास्तर?" त्यांनी मला विचारलं. मंडपात कुठेही बसता येतं, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. पण भाषण ऐकताना हातांना काम नाही याची त्यांना सवय नव्हती. मी त्यांना पुढून चौथ्या रांगेत बसवलं. ते ओगराळं धरल्यासारखी मूठ करून बसले.

रावसाहेब दोन तास बोलले. एकही माणूस उठला नाही. सगळ्यांनी डोक्यावरून घोंगड्या ओढून घेतल्या होत्या आणि मागच्या बाजूने घोरण्याचा संथ आवाज येत होता. "लिहा, चिटणीस," रावसाहेब मला म्हणाले. "रांजण भरलेला." मी लिहिलं.

त्यानंतर माझं भाषण होतं. आयुष्यातलं पहिलं. विषय 'ग्रामोन्नतीची मूलतत्त्वे'. अकरा पानं लिहून काढली होती, आरशासमोर चार वेळा म्हणून बघितली होती. तिसऱ्या पानाच्या तळाशी मी 'सर्वंकष' म्हणालो आणि त्या सगळ्या घोंगड्यांच्या मंडपात एकच माणूस उभा राहिला. तात्या. एव्हाना त्यांचं माप बारामतीपासून इंदापूरपर्यंत सगळ्यांना ठाऊक झालेलं. झोपलेल्यांना शेजाऱ्यांनी ढोसून जागं केलं. तात्या रांजणापाशी गेले आणि ते बर्फासारखं पाणी ओंजळभर प्यायले. मंडपात हशाची लाट गेली. माझे कान तापले.

मला आधी राग आला, मग एकदम कळलं की बरोबर आहे. मी स्वतःच त्या पानांना कंटाळलो होतो. मी कागद घडी करून खिशात घातले आणि माझ्या वर्गाचं सांगू लागलो. पाटाला पाणी आलं की माझा वर्ग कसा ओस पडतो, पोरं बापाबरोबर दारं धरायला कशी जातात, आणि आम्ही मास्तर लोक मात्र छत्तीस वेळा 'गैरहजर' लिहून वर त्यांनाच छड्या कशा मारतो. शाळेच्या सुट्ट्या दिवाळी-नाताळ बघून द्यायच्या त्या पाण्याची पाळी बघून द्या की, असं म्हणालो. "व्हय, व्हय!" असं कुणीतरी ओरडलं. घोंगड्या खांद्यांवर उतरल्या. पाऊण तास झाला तरी लोक सोडीनात. तात्या रांजणापाशीच उभे राहून ऐकत होते. ओली ओंजळ पुसायचंही त्यांना सुचलं नव्हतं.

समारोपाला रावसाहेब उठले. त्यांच्या डोळ्यांत मिश्किली होती. आता त्यांचा डाव होता. "तात्या," त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "मास्तरांच्या भाषणात तुम्ही एकटे उठलात. मग? कसं झालं भाषण?"

मी मान खाली घातली. तात्यांनी रांजणात बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "भाषन झ्याक झालं. ऊन लई हुतं, रावसाहेब."

पौषातली दुपार, कापडातून वारा शिरतोय, आणि ऊन! मंडप हसून हसून लोळला. रावसाहेब तर टाळ्या पिटत म्हणाले, "बघा! मी काय म्हणत होतो? उन्हाचंच असतं सगळं!" ते आपली फिर्याद जिंकले होते. त्यांनी तिथेच जाहीर करून टाकलं, की पुढच्या वैशाखापासून रांजण पुन्हा तात्यांकडे.

परतीच्या गाडीला बैल जुंपत होते तेव्हा मी तात्यांना गाठलं. "स्वतःची जागा गेली तरी तुम्ही हे बोलला नाहीत," मी म्हटलं. "मग आज का बोललात?"

"रावसाहेबाला खरं सोसतं, मास्तर. वाडा हाय, जमीन हाय. तुमचं पयलंच हुतं." ते गाडीत चढले, घोंगडी गुंडाळून घेतली आणि वरून म्हणाले, "पयली तीन पानं मातूर बंबात घाला."

मी ती त्याच आठवड्यात घातली. अकराच्या अकरा.

पुढच्या वर्षी परिषद परत बारामतीला, परत वैशाखात आली. रावसाहेबांनी दोनदा निरोप धाडला, तरी तात्या येईनात. शेवटी मी स्वतः पणदऱ्याला गेलो. ते उसात उभे होते, खोरं हातात, पाणी घोट्यापर्यंत. मी बांधावरून म्हटलं, "तात्या, रांजण तुमची वाट बघतायत."

"न्हाय, मास्तर. ते काम आता माझ्याच्यानं न्हाय व्हायचं."

"का? रावसाहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलंय की."

त्यांनी एका वाफ्याचं तोंड बुजवलं, दुसऱ्याचं फोडलं. मग म्हणाले, "एकदा मी खोटं माप सांगितलं. आता मी अर्धा म्हनलं, तर तुमी अर्धा धरचाल?"

"धरेन. डोळे मिटून धरेन."

"तुमी धरचाल," तात्या म्हणाले. "मी न्हाय धरनार."

रावसाहेबांच्या रागापुढे ज्या माणसाने आपलं माप सांभाळलं, त्याने ते माझ्या अकरा पानांसाठी मोडलं होतं, आणि आता त्याची भरपाई तो स्वतःकडूनच करून घेत होता. मी खूप विनवलं. ते हसले, आणि वाफा भरत आल्याचं बघून पुढे सरकले.

त्या वर्षी रांजणांवर पुन्हा रावसाहेबांचा गडी बसला. त्याला कोण कधी उठलं याच्याशी काही कर्तव्य नव्हतं. मी दीड तास बोललो. सगळे म्हणाले, झ्याक झालं.